पहिली बाजू किंचित चढी आहे, ताई

न्यू जर्सी,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

बाबांचा रेकॉर्ड प्लेयर तू दुरुस्त करून घेतलास हे वाचून इतका आनंद झाला की तुझा मेसेज मी दोनदा मोठ्याने वाचला. खाली तू विचारलं होतंस, "तुम्ही शनिवारी जमून रेकॉर्ड्स ऐकता म्हणजे नेमकं करता काय? आणि त्या जॅझमध्ये माझ्यासारखीला धरायला काही सापडेल का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. हे पत्र एका रेकॉर्डच्या कव्हरात घालून पाठवतोय. कोणती ते पुढे कळेलच.

आधी मंडळाबद्दल. आम्ही सात-आठ जण आहोत. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत, त्यांच्या तळघरात जमतो. प्रत्येकाने त्या दिवसांत घरी जी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावली असेल ती आणायची. ठेवणीतली, दुर्मीळ वगैरे नको, खरोखर ऐकली असेल तीच. तिची एकच बाजू लावायची. बाजू संपून सुई उचलेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग ज्याने आणली त्याने सांगायचं, हीच का.

एकच बाजू हे मला सुरुवातीला अपुरं वाटायचं. आता कळतं की बाजू हेच मुळी माप आहे. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली १९४८ मध्ये. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची. तुझ्या गुरुजींनी ऐकवलेले ते तीन मिनिटांचे ख्याल आठव. राग मांडून, बढत करून, तान घेऊन मोकळं व्हायचं. जॅझवाल्यांचंही तेच होतं. मैफलीत दहा मिनिटं वाजवणारा माणूस रेकॉर्डवर एक आवर्तन घेऊन खाली बसायचा. एलपीने त्यांना एका बाजूला वीस-बावीस मिनिटं दिली आणि १९५०च्या दशकात या संगीताला एकदम श्वास मिळाला. आम्ही जे ऐकतो ते बहुतेक त्याच पंधरा-वीस वर्षांतलं आहे.

काल पियानो शिकवणाऱ्या बाईंनी बिल एव्हान्सच्या त्रिकुटाची 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅन्गार्ड' आणली होती. व्हिलेज व्हॅन्गार्ड हा न्यूयॉर्कमधला तळघरातला क्लब, १९३५ पासूनचा. २५ जून १९६१ च्या रविवारी तिथे दुपारी आणि रात्री मिळून पाच बैठकी झाल्या, त्या सगळ्या ध्वनिमुद्रित झाल्या. पियानोवर एव्हान्स, ड्रमवर पॉल मोशन, बासवर स्कॉट लाफारो. ताई, हा बास म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, बोटांनी छेडून वाजवतात. त्याचं नेहमीचं काम तळाशी राहून ठेका आणि सूर धरून ठेवण्याचं. लाफारो ते सोडून वर येतो. पियानोने एक वाक्य म्हटलं की तो त्याला अडवतो, पुढचं आपण म्हणतो, मधेच गप्प बसतो. त्याला साथ म्हणता येत नाही आणि जुगलबंदीही नाही, कारण कोणी कोणावर मात करायला बघत नाही. दोन शेजारी गॅलरीत उभे राहून बोलताहेत असं वाटतं. मागे ग्लासांची किणकिण आहे, कोणीतरी हसतंय, एका टेबलावर गप्पा चालू आहेत. समोर काय घडतंय याचा त्या टेबलाला पत्ताच नाही.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. म्हणून या रेकॉर्डसाठी त्या दिवसातलं निवडताना तो ठळक ऐकू येईल असं निवडलं. सुरुवात त्याच्याच रचनेने होते आणि शेवटही. बाई म्हणाल्या, "मी विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा डाव्या हाताला गप्प बसायला सांगते. का, ते इथे ऐकू येतं." एवढं बोलून त्यांनी रेकॉर्ड पिशवीत ठेवली. मला मात्र घरी येईपर्यंत ती किणकिणच ऐकू येत होती.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी येते, तिने अॅलिस कोल्ट्रेनची १९७१ची 'जर्नी इन सच्चिदानंद' लावली. सुरू होताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तिच्यात तंबोरा आहे. तंबोऱ्यावर बासची एकच ओळ फिरत राहते, वर हार्प, आणि हार्पच्या वर सॅक्सोफोन. तिचा नवरा, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, १९६७ मध्ये गेला, त्यानंतरच्या काळातली ही रेकॉर्ड. त्या नवरा-बायकोला आपल्याकडच्या संगीताची ओढ होती. मुलाचं नाव त्यांनी रवि ठेवलं, रविशंकरांवरून. बाजू संपल्यावर मुलीने मला विचारलं, "हे वाद्य तुझ्या कानाला कसं लागतं?" मी तुझं सांगितलं. गाण्याआधी तू पंधरा मिनिटं खुंट्या आणि मणी फिरवत बसतेस, जवारीचा दोरा केसभर सरकवतेस, आणि तो लागला की घरातले सगळे आपोआप हळू बोलायला लागतात. मग त्यांनी बाजूची पहिली दोन मिनिटं पुन्हा लावली. आमच्याकडे असं सहसा होत नाही.

आजोबांनी स्वतःची सॅक्सोफोनची जुनी रेकॉर्ड आणली होती. ती लावायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं, विजेरी दिली आणि म्हणाले, बघ. गाणं संपतं तिथून मधल्या लेबलपर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा असतो ना, त्यात टाचणीने कोरल्यासारखी अक्षरं होती, 'आरव्हीजी'. पलीकडे कानाच्या पाळीसारखी एक बारीक खूण. आरव्हीजी म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. तो दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि रात्री ध्वनिमुद्रण करायचा. तेही कुठे, तर इथे न्यू जर्सीतच, हॅकेन्सॅक गावात, आईवडिलांच्या घराच्या बैठकीच्या खोलीत! १९५९ मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. तोवर ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी नामांकित रेकॉर्ड्स त्या बैठकीच्या खोलीत झाल्या. आणि कानासारखी खूण म्हणजे ज्या कारखान्यात त्या छापल्या जायच्या त्याचं 'पी' हे अक्षर. पुढे ब्लू नोटचे मालक बदलले आणि १९६६च्या सुमारास ती खूण दिसेनाशी झाली. जुन्या रेकॉर्ड्स गोळा करणारे लोक आधी हा कान शोधतात. मला त्या खुणेपेक्षा ते हाताने कोरलेलं नाव जास्त आवडलं. खाचा पाडून झाल्यावर एका माणसाने खाली वाकून ते तिथे लिहिलंय.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

मी 'काइंड ऑफ ब्लू' नेली होती, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची. ती सगळ्यांकडे असते, म्हणून मंडळात कोणी आणत नाही. आजोबा गेल्या वेळी म्हणाले होते की घरोघरी आहे म्हणूनच ती ऐकायची राहून जाते. त्यावरून मी महिनाभर तीच लावली, आणि ऐकताना सारखी तूच डोळ्यासमोर होतीस. तुला धरायला हवं ते सगळं तिच्यात आहे असं माझं ठाम मत झालंय.

ती १९५९ची. न्यूयॉर्कमध्ये ३०व्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता, पूर्वीचं चर्च. तिथे २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत ती वाजवली. तोवरच्या जॅझमध्ये स्वरसंगती दर एक-दोन मोजांना बदलायची, वादकाला तिच्यामागे धावावं लागायचं. डेव्हिसने वादकांच्या हातात फक्त मोजकी सुरावट दिली आणि एकेका स्वरसप्तकात निवांत राहायला सांगितलं. पहिलंच गाणं 'सो व्हॉट' घे. षड्ज पांढरी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी. सूर कोणते माहीत आहे? कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. काफी थाट! सोळा बार, म्हणजे चार-चार मात्रांचे सोळा गट, त्यात राहतात, मग आठ बारांसाठी आख्खा षड्जच काळी दोनवर सरकतो, मग आठ बार परत खाली. हे बत्तीस बारांचं आवर्तन. डेव्हिस आणि दोन्ही सॅक्सोफोनवाले अशी दोन-दोन आवर्तनं घेतात, पियानो एकच. षड्ज सरकला की तुला पहिल्यांदा खटकेल, बसल्या जागेवरून कोणी उठवल्यासारखं. पण तिथून खाली परतताना जे सुख मिळतं ते समेवर येण्याच्या सुखापेक्षा फार वेगळं नाही. डेव्हिसचा ट्रम्पेट ऐक आधी. किती सूर गाळतो ते ऐक.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. २ मार्चला मुख्य टेप मशीन जरा हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं पुढे बरोबर वेगाने लावलं की सूर चढतात. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी त्या दिवशीची, म्हणून पहिली बाजू किंचित चढी निघाली. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती बरोबर आहे. तीसेक वर्षं रेकॉर्ड अशीच विकली गेली. त्या दिवशी जोडीला दुसरं मशीनही चालू होतं, ते नीट फिरत होतं. त्याच्या टेपवरून १९९०च्या दशकात ही चूक सुधारली.

तुला पाठवतोय ती जुनी, चढ्या काळातली प्रत आहे. मुद्दाम. माझ्या इथल्या मित्राचे आईवडील पुढच्या महिन्यात भारतात परत येताहेत, त्यांच्या सामानात दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून देईन.

ती लावताना असं कर. आधी दुसरी बाजू. ती 'ऑल ब्लूज'ने सुरू होते. षड्ज पांढरी पाच, आणि दादऱ्यासारखा सहाचा डोल. बास पहिल्यापासून तोच तुकडा फिरवत राहतो, त्याच्या षड्जाला तुझा इलेक्ट्रॉनिक तंबोरा बारीक खुंटीने नेमका लाव, पंचमाची तार ठेवून. मग तंबोऱ्याला हात न लावता रेकॉर्ड उलटी कर आणि 'सो व्हॉट' लाव. पांढरी पाचचा पंचम म्हणजे पांढरी दोन, म्हणजे 'सो व्हॉट'चा षड्ज तंबोऱ्याच्या पंचमावर बसायला हवा. तो बसणार नाही. तुझा प्लेयर जरा जलद किंवा हळू फिरत असेल तरी चालेल, दोन्ही बाजूंना तेवढाच फरक पडेल.

तरी वेग तपासायला एक कागदी चकती कव्हरात ठेवली आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर १८० रेघा आहेत. इथल्या ६० हर्ट्झवर २१६ लागतात. ती फिरत्या तबकडीवर ठेवून जुन्या पद्धतीच्या बल्बखाली बघ. रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की ३३⅓चा वेग बरोबर.

बाबांच्या रेकॉर्ड्स कपाटात आडव्या रचलेल्या असतील तर आजच उभ्या करून ठेव. मी इथे टपालाने मागवलेली एक रेकॉर्ड वाकडी आली. सुई तिच्यावर होडीसारखी वरखाली जायची आणि पियानोचा लांब सूर चक्क डुलायचा. इतकं वाईट वाटलं मला! आणि ७८च्या तबकड्यांवर एलपीची सुई टेकवू नकोस. त्यांच्या खाचा रुंद असतात, त्यांना वेगळी जाड सुई लागते. आजीच्या तबकड्या त्यातल्याच आहेत.

काल बाजू संपल्यावर मी मंडळाला हे वेगाचं सांगितलं. बहुतेकांना वाचून माहीत होतं. पण कानाने कोणाला कळलं होतं का, असं आजोबांनी विचारलं तेव्हा कोणी हात वर केला नाही. पियानोच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या पियानोबरोबर वाजवताना कधीतरी शंका आली होती, पण त्यांनी दोष पियानोला दिला. मग मी म्हटलं, माझ्या बहिणीला विचारतो. चढी आहे की नाही हे नव्हे, ते तर मीच सांगून बसलो. किती चढी आहे ते सांग. एक श्रुती भरते की त्याहून कमी? तुझं उत्तर आलं की शनिवारी तिथे वाचून दाखवायचं ठरलंय.

आईबाबांना साष्टांग नमस्कार. भाऊजींना नमस्कार, मुलांना खूप खूप लाड.

तुझा,
धाकटा