लेकाच्या उन्हाळी शिबिरासाठी धावून आलेल्यांचे आभार

आमचा लेक स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहेच, तरी पुण्यातल्या शिबिरांकडून ‘आम्हाला नाही हो जमणार’ हेच ऐकलं. थेरपी सेंटरच्या बाकावर भेटलेल्या ताईंनी फीच्या आधी काय विचारायचं ते सांगितलं: एका शिक्षिकेमागे मुलं किती, गोंगाट असह्य झाला तर शांत खोली आहे का, शी-शूला कोण नेणार. रिक्षावाल्या काकांनी रोज तीच वाट धरली. रस्ता बदलला की तो बिथरतो. आणि शिबिरातला तो कॉलेजचा दादा! दिवसाचं वेळापत्रक चित्रांत काढून त्यानं भिंतीवर लावलं, कुणी न सांगता. नावं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. मनापासून आभार. ताई, तुमच्या लेकीसाठी पोहण्याचा वर्ग सापडलाय, सोमवारी भेटा.