आई-बाबा, या हंगामानंतर मी थांबतोय

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

मे महिन्याच्या 31 तारखेला माझा फुटबॉल क्लबशी असलेला करार संपतोय आणि या वेळी तो वाढवून घ्यायचा नाही असं मी ठरवलंय. फोनवर सांगितलं असतं तर आई गुडघ्याचं विचारत बसली असती आणि बाबा, तुम्ही ‘बरं’ म्हणून फोन तिच्याकडे दिला असता. म्हणून लिहितोय. गुडघा ठीक आहे. क्लबनं काढलेलं नाही, उलट आणखी एक वर्ष खेळ म्हणत होते. पण पस्तिशीला आलेल्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, विशीतल्या फॉरवर्डच्या मागे वळून धावावं लागतं, तेव्हा वळायला लागणारा तो अर्धा सेकंद त्याचा त्यालाच कळतो. मला तो गेल्या हंगामात कळला. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी आपणच थांबावं, एवढंच.

पत्र लिहायचं खरं कारण मात्र वेगळं आहे. बाबा, माझी ओळख करून देताना तुम्ही म्हणता, “मोठ्या क्लबांकडून खेळला.” मग आवाज खाली आणून, “भारताकडून राहून गेलं.” मागच्या लग्नात मी तुमच्या मागेच उभा होतो. तुम्ही ते माझ्यासाठी वाईट वाटून म्हणता, हे मला ठाऊक आहे. पण त्या वाक्याबद्दल मी तुमच्याशी कधी बसून बोललोच नाही. आज बोलतो.

भारतीय संघाच्या शिबिराला बोलावणं आलं तेव्हा संभाव्य खेळाडूंच्या यादीचं पेपरातलं ते चार ओळींचं कात्रण तुम्ही पाकिटात ठेवलं होतंत. संभाव्य खेळाडू म्हणजे काय असतं ते सांगतो. शिबिराला तीस-पस्तीस जण येतात, 2019 च्या आशिया चषकाला गेले तेवीस. त्यातले तीन गोलकीपर. उरलेल्या वीस जणांत मधल्या बचावाला जेमतेम चार जागा. त्यातली एक संदेश झिंगनची, कोचनं कागद हातात घ्यायच्या आधीच भरलेली. दुसरी अनस एडथोडिकाची. म्हणजे देशभरातले आम्ही सगळे स्टॉपर उरलेल्या दोन जागांसाठी धडपडत होतो, आणि त्या दोन जागाही बहुतेक वेळ बेंचवर बसायच्या.

सरावात आमच्यासारख्यांचं काम असायचं प्रतिस्पर्धी व्हायचं. पुढचा सामना ज्यांच्याशी, त्यांचे व्हिडिओ सकाळी बघायचे. कॉर्नर कसा घेतात, त्यांचा स्ट्रायकर कुठल्या खांद्यावरून वळतो, चेंडू गेला की किती जण मागे येतात. संध्याकाळी वेगळ्या रंगाचे बिब घालून पहिल्या अकरा जणांसमोर हुबेहूब तसं खेळायचं. मी थायलंडचा स्टॉपर झालोय, बहारीनचाही झालोय. हे काम पेपरात येत नाही, पण त्याशिवाय पहिले अकरा तयार होत नाहीत. मी ते जीव लावून केलं.

तिथं कॉर्नरवर आपला कर्णधार सुनील छेत्रीला अडवायची पाळी माझ्यावर यायची. त्याची उंची 170 सेंटिमीटर. मी त्याच्यापेक्षा वीतभर उंच, तरी हेडर त्याचाच. टीव्हीवर त्याची उडी दिसते. खरी गंमत उडीच्या आधी असते. चेंडू ठेवला जात असताना तो कधीच माझ्या समोर नसायचा, कायम मागच्या खांद्याशी. मी चेंडूकडे बघितलं की निघायचा, मान वळवून त्याला शोधलं की जागेवर थांबायचा. अशा वेळी स्टॉपरनं अंग तिरकं ठेवायचं असतं, एक डोळा चेंडूवर आणि एक हात मागे, माणूस हातानं चाचपडत. मी सगळं पुस्तकात असतं तसंच करायचो. तरी शेवटच्या दोन पावलांत तो हातामागून सुटायचा आणि माझ्या पुढून डोकं लावायचा. या माणसानं देशासाठी नव्वदच्या वर गोल कसे केले, हे मी हातभर अंतरावरून पाहिलंय. बाबा, हे बघायला मिळालेले स्टॉपर देशात फार थोडे आहेत.

मला यादीतून का वगळलं, हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. हवेतल्या चेंडूला झिंगन माझ्यापेक्षा आधी पोचायचा. धोका कुठून येणार हे अनसला माझ्याआधी वास लागल्यासारखं कळायचं. माझ्याकडे दोन्ही होतं, पण त्यांच्याइतकं नव्हतं. अन्याय झाला असता तर मीच तुम्हाला सांगितलं असतं. झाला नाही.

10 सप्टेंबर 2019 आठवतो? दोह्यात कतारशी सामना होता, त्याच वर्षी आशिया चषक जिंकलेल्या कतारशी. छेत्री आजारी, त्या दिवशी खेळलाच नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय स्टुलावर. आपण तिघं टीव्हीसमोर. मध्ये झिंगन आणि आदिल खान, मागे गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू. कतारनं सामनाभर गोलावर मारा केला आणि सामना 0-0 सुटला. शिट्टी वाजल्यावर बाबा, तुम्ही माझ्याकडे न बघता उठून आत गेलात. पोराला वाटत असेल आपण तिथं हवे होतो, म्हणून. मला तसं काही वाटत नव्हतं. मी नव्वद मिनिटं फक्त त्या दोघांचे पाय बघत होतो. चेंडू उजवीकडे गेला की झिंगन दोन पावलं आत सरकायचा, आदिल त्याच्या मागची जागा झाकायचा, एकदाही दोघं एकाच माणसाकडे धावले नाहीत. आपल्या कामात आपल्याहून चांगलं कुणी केलेलं बघणं यात फार सुख असतं. त्या रात्री मला ते पुरेपूर मिळालं.

आता क्लबबद्दल. लोकांना वाटतं देशाकडून खेळणं म्हणजेच फुटबॉलपटूची नोकरी. देशाच्या संघाशी पगाराचा करार नसतो. फिफानं ठरवलेल्या तारखांना क्लब खेळाडू सोडतो, सामना झाला की तो परत येतो, आणि मधल्या दिवसांचा पगारही क्लबच देतो. देशासाठी खेळताना जखमी होऊन कुणी 28 दिवसांपेक्षा जास्त बाहेर बसला, तर फिफाच्या विमा योजनेतून भरपाई मिळते ती क्लबला. छेत्रीचंच बघा. जून 2005 मध्ये क्वेट्ट्याला पाकिस्तानविरुद्ध पहिला सामना खेळला, तेव्हापासून 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेईपर्यंत 151 सामने. (पुढच्या वर्षी चाळिशीत परत आला, ती गोष्ट वेगळी.) भारतात कुणालाच न जमलेला आकडा आहे हा. तरी वर्षाला हिशेब काढला तर सात-आठ सामनेच येतात. बाकीचं वर्ष मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेंपो, बेंगळुरू. सकाळचा सराव, बर्फाच्या पाण्यात पाय, रात्रीचा प्रवास, पुन्हा सामना. फुटबॉलपटूचं आयुष्य असं क्लबातच जातं, त्याचं आणि माझंही.

आणि क्लब कायमचे नसतात, हे तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर सोसलंय. मुंबईचा महिंद्र युनायटेड 2006 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 मध्ये बंद झाला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जेसीटी त्याच्या पुढच्या वर्षी बंद. देशाच्या नावावरही खेळाडूचं नशीब अडतं. 2009 मध्ये छेत्रीचं लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी ठरलं होतं, पण भारत फिफाच्या यादीत खूप खाली म्हणून इंग्लंडनं त्याला कामाचा परवाना नाकारला. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत, तर आमच्यासारख्यांचं मे महिन्यात काय होत असेल! एक वर्षाचा करार, मग नवा क्लब, नवं शहर, नवी भाडेपावती. दर मे महिन्यात आई विचारायची, “पुढचं काही कळलं का?” आणि मी म्हणायचो, “कळेल.” ते ‘कळेल’ तू दरवर्षी खरं धरलंस, आई. माझ्याइतकाच धीर तुझाही होता.

आणखी एक गोष्ट स्टॉपरलाच कळेल अशी. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालायचे. 2017 मध्ये पाच झाले, 2021 मध्ये चार. क्लब परदेशी माणूस घेतात तो संघाच्या कण्यासाठी, म्हणजे एक स्टॉपर, एक-दोन मधल्या फळीतले आणि पुढे स्ट्रायकर. भारतीय पोरांना उरायच्या त्या बाजूच्या जागा. छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न सगळे विचारतात, त्याचं अर्धं उत्तर इथं आहे असं माझं ठाम मत आहे. गोलासमोर उभं राहायचीच संधी नाही, तर गोल करणारा घडणार कुठून? मी त्या काळात मधल्या बचावातली माझी जागा राखली. कधी परदेशी स्टॉपरच्या शेजारी, कधी त्याच्याऐवजी. ते माझं कर्तृत्व आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. शेजारी खेळलेल्या त्या परदेशी माणसांकडून शिकलोही. चेंडू आपल्या पायात नसतानाच सतत बोलायचं, हे त्यांच्याकडून.

त्यावरून करोनातले ते दोन हंगाम आठवले. सगळी लीग गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को ही तीनच मैदानं, हॉटेलच्या बाहेर पाऊल नाही. तुम्ही दोघं घरात कोंडलेले, मी तिकडे, आणि रात्री झोप येत नसे. स्टेडियम रिकामं. एरवी कोलकात्यात सॉल्ट लेकच्या मैदानावर मोहन बागानविरुद्ध खेळताना दहा हातांवरच्या माणसाला हाक मारली तरी ऐकू जात नाही. गोव्यात माझा शब्द न् शब्द टीव्हीवर जात होता. “डावीकडे माणूस!”, “बाहेर काढ!”, “वर चला, वर चला!” एका सामन्यानंतर आई फोनवर म्हणाली, “आज तुझा आवाज ऐकू आला. स्वयंपाकघरातूनही कळत होतं तू खेळतोयस.” आई, हरलो होतो त्या दिवशी. पण तुझ्या त्या बोलण्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

बाबा, लहानपणी तुम्ही मला जर्नेलसिंगची गोष्ट सांगायचात. 1962, जाकार्ता, आशियाई खेळ. थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, टाके पडले. मग कोच रहीमसाहेबांनी त्या स्टॉपरला पुढे फॉरवर्ड म्हणून उभं केलं. उपांत्य सामन्यात त्यानं गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला, एक पी. के. बॅनर्जींनी केला आणि आपण 2-1 नं सुवर्ण जिंकलं. त्या गोष्टीमुळे मी स्टॉपर झालो, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला त्या गोष्टीचा शेवट माझ्यात बघायचा होता. माझ्या हाती तिचा पहिला भाग लागला, डोकं घालायचं आणि मागे हटायचं नाही हा. तो मी आजपर्यंत निभावलाय. हे राहून गेलेलं काही नाही बाबा, हेच माझं करिअर होतं, आणि ते मला पूर्ण मिळालं. कुणी विचारलं तर बेलाशक सांगा, “स्टॉपर होता, पोट भरलं त्या खेळावर, घर घेतलं त्या खेळावर.”

पुढचंही ठरवलंय. कोचिंगचं एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, सी लायसन्स झालंय, बी साठी अर्ज केलाय. क्लबच्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा संघ जूनपासून माझ्याकडे येईल. पगार खेळाडूच्या मानानं कमी आहे, पण घराचे हप्ते फिटलेत, तेव्हा तुम्ही रात्री जागून आकडेमोड करू नका. पोरं चुणचुणीत आहेत. एक तर आत्ताच चेंडू सोडून माणसाकडे बघायला शिकलाय. त्याला पुढे नेणं हे मला जमेल असं वाटतं.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर आहे. तुमच्यासाठी दोन तिकिटं काढतोय. आईला जिने चढवत नाहीत म्हणून खालच्या रांगेतली बघतो. पण खालून बचावाची रांग कशी सरकते ते नीट दिसत नाही. बाबा, तुम्हाला वर बसायचं असेल तर रविवारच्या आत कळवा, म्हणजे तुमचं तिकीट वरच्या गॅलरीचं घेतो आणि आईजवळ बसायला कुणाला तरी सांगतो. गाडी स्टेशनवर घ्यायला येईल. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

तुमचा,
नंदू