काकाजी, तुम्ही माझी वर्गणी परत केली होती

आदरणीय काकाजी,

सविनय नमस्कार.

तुम्ही आपल्या खदानवाल्यांच्या संघटनेचं सचिवपद सोडलं आणि जाता जाता बजावून ठेवलं, की शाल-श्रीफळ घेऊन कोणी घरी यायचं नाही. खोबरं चावायला आता दात कोणाला आहेत, हे तुमचंच कारण. म्हणून हे पत्र. उघडं लिहिते, कारण आर्वी-पुलगावकडचे कितीतरी खदानवाले अजूनही "संघटनेत जाऊन काय भेटते?" म्हणून बाहेर बसले आहेत. त्यांच्याही नजरेस पडू दे.

2021 साली माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, लकवा झाला. यांना कापूस आणि तुरीतून डोकं वर काढायला फुरसत नाही. मी बी.कॉम. झालेली, म्हणून "जरा हिशेब पाहत जा" असं म्हणता म्हणता खदान आणि दगडाची गिट्टी करायचा अख्खा क्रशर माझ्या पदरात आला. त्याच वर्षी जुलैपासून दगडावर सरकारला द्यायची रॉयल्टी ब्रासमागे (म्हणजे शंभर घनफुटांमागे) 400 ची 600 रुपये झाली आणि आमच्या हातात ऑर्डरी होत्या जुन्या भावाच्या. गिट्टीची गाडी भरली की घरातले पैसे भरून पाठवल्यासारखं वाटायचं. कोणीतरी म्हणालं, संघटनेत जा, ते मोर्चा काढतात. मी पाकिटात वर्गणी घालून तुमच्याकडे आले.

तुम्ही पाकीट उघडलंही नाही. "पोरी, आधी खदान दाखव. पावती मंग फाडू."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, बोल्डरवर बसलात आणि बराच वेळ नुसतं समोर पाहत राहिलात. समोर आमची भिंत होती, चाळीस फूट सरळ कापलेली. मामाजींच्या काळापासून तशीच. वर मुरमाचा थर, त्यात पावसाचं पाणी मुरलेलं, आणि खाली माणसं घण मारत होती. मला ती भिंत रोज दिसायची, म्हणून दिसतच नव्हती. तुम्ही म्हणालात, "कठीण दगडात परवानगीशिवाय सहा मीटरच्या वर उंच पायरी ठेवता येत नाही. 1961 पासूनचा नियम आहे. अन् हे तू सहा मीटरच्या दुप्पट उभी करून ठेवली." मग पाकीट माझ्या हातात परत दिलंत. भिंतीत पायऱ्या कापा, वरचा मुरूम मागे ओढा, तेव्हा या.

खरं सांगते, त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता. पैसे द्यायला गेलेल्या माणसाला असं कोणी परत पाठवतं का? यांना म्हटलं, बाईमाणूस पाहून टाळलं. पायऱ्या कापायला चार महिने गेले, पोकलेनच्या डिझेलनं जीव नकोसा केला. पुढच्या पावसाळ्यात वरून एक मोठा तुकडा सुटला आणि दुसऱ्या पायरीवर येऊन थांबला. पूर्वीची भिंत असती तर तो थेट घणवाल्यांवर आला असता. तो तुकडा आम्ही फोडला नाही, अजून तिथंच आहे.

पावती फाडल्यावर पहिलं काम पडलं ते नोटिशीचं. आमचा टिप्पर रात्री पंक्चर झाला, वाहतूक पासची वेळ उलटून गेली आणि गाडी तपासणीत सापडली. चूक आमचीच होती. नोटिशीत महसूल संहितेचं कलम 48(7) आणि बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, एवढंच मला वाचता आलं. पुढची अक्षरं हलायला लागली होती. मी आमदारांच्या माणसाचा नंबर शोधत होते. तुम्ही फोनवर म्हणालात, "कोणाले फोन करायचा नाही. पंक्चरवाल्याची पावती आण." मग एकेक कागद सांगितलात: टिप्परच्या जीपीएसची नोंद, वजनकाट्याची चिठ्ठी, सरकारच्या महाखनिज संकेतस्थळावरचा मूळ पास, त्या दिवसाचं विक्री रजिस्टर. उत्तर मी लिहिलं, तुम्ही त्यातली विशेषणं खोडलीत. "दयेचा अर्ज नाही हा, खुलासा आहे" असं म्हणालात. तो खुलासा मान्य झाला. शाबासकी मात्र नाहीच. ड्रायव्हरला ताकीद द्यायला सांगितलंत, की गाडी बंद पडली की त्याच मिनिटाला कळवायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

बाहेरच्यांना संघटना म्हणजे नोटीस आली की छातीला छाती लावणारी माणसं वाटतात. मलाही तसंच वाटायचं. तुमच्यामुळे कळलं, की तिथं आधी आपलीच खदान तपासली जाते.

ब्लास्टिंगचं प्रकरण आठवतं? शेजारच्या गावातल्या बाया आल्या होत्या, भिंतीला तडे गेले म्हणून. आमचा मुंशी त्यांना म्हणत होता, घरच कच्चं तर आम्ही काय करू. तुम्ही त्याला बाजूला केलंत आणि कंपन मोजायचं यंत्र भाड्यानं आणायचं ठरवलंत. एकटीच्या खिशाला ते झेपलं नसतं. त्या बाजूच्या तिन्ही खदानींनी खर्च वाटून घेतला. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या 1997 च्या परिपत्रकात दुसऱ्याच्या घरांसाठी मर्यादा दिल्या आहेत: कंपनाची वारंवारता 8 हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 असेल तर 10, त्याच्या वर 15. आमच्या एका ब्लास्टमध्ये आकडा मर्यादेच्या पार गेला. कारण साधं होतं. घाईत एकाच वेळी सुरुंगाचे जास्त होल उडवले जात होते. थोड्या थोड्या मिलिसेकंदांच्या अंतरानं उडवायला लागलो, तसा आकडा खाली आला आणि बोल्डरही बारीक निघायला लागले. यंत्राचा कागद तुम्ही आधी त्या बायांना दाखवलात, मग मला. तेव्हा मला ते आवडलं नव्हतं, पण तडे बुजवायचं सिमेंट आम्ही देऊन टाकलं. सगळे तडे आमचेच होते असं मी अजूनही मानत नाही, एवढं सांगून ठेवते.

पैशाची कामंही कमी नाहीत, ती भरभर सांगते. रॉयल्टीवरचा 18 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जनं, म्हणजे सरकारनं न लावता आपणच हिशेब करून, भरायचा असतो, हे आमच्या सीएच्या आधी तुमच्या बैठकीत कळलं. गिट्टी आम्ही 5 टक्क्यांनी विकतो, तिथल्या करातून हा भरलेला 18 टक्के वजा करता येतो. भरलाच नसता तर पुढं व्याजासकट निघाला असता. आणि पर्यावरण मंजुरी! सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालापासून पाच हेक्टरच्या आतल्या खदानीलाही ती लागते. त्यात 500 मीटरच्या आतल्या खदानी मिळून पाच हेक्टरच्या वर गेल्या, की सगळ्यांचा गट धरतात, मग पर्यावरणावरच्या परिणामांचा मोठा अहवाल आणि जनसुनावणी. आम्ही शेजारी एकमेकांच्या रस्त्यात मुरूम टाकणारी माणसं. तुम्ही आम्हाला एका टेबलाला बसवून एकच सामाईक अहवाल करायला लावलात. अहवाल बनवणाऱ्याचे पैसे एकदाच गेले. रस्त्यावर पाणी मारायचा टँकर तेव्हापासून पाळीपाळीनं फिरतो.

एका बैठकीचं मात्र सविस्तर लिहावंच लागेल. समृद्धी महामार्गाचं काम सरलं, मागणी उतरली, आणि पाच-सहा जणांनी ठराव मांडला की 20 मिमी गिट्टीचा भाव सगळ्यांनी एकच ठेवायचा, खाली विकेल त्याला बाहेर काढायचं. सभागृहात टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या. तुम्ही उठून म्हणालात, हा ठराव वहीत लिहिला तर मी वहीच घरी नेईन. मग सांगितलंत, की 2012 मध्ये स्पर्धा आयोगानं सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता, आणि त्यांच्या संघटनेलाही सोडलं नव्हतं. भाव ठरवायला जमलो, तर आपली संघटनाच पुरावा होऊन बसेल. लोक चिडले. दोघांनी राजीनामे दिले, एक परत आला. त्या दिवशी मला पटलं, की तुम्ही फक्त गोड बोलण्याचे सचिव नव्हतात.

बरं, तक्रारही लिहिते, नाहीतर हे पत्र आरतीसारखं होईल. पहिल्या वर्षी बैठकीला मी एकटी बाई. हॉलच्या मागच्या बाजूचं बाथरूम सिमेंटच्या गोण्यांनी भरलेलं. ही गोष्ट तुमच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. आणि छोट्या खदानवाल्यांना मोठ्या क्रशरइतकीच वर्गणी, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. हा मुद्दा मी नव्या सचिवांकडे नेणार आहे. तुम्ही मध्ये पडू नका.

मामाजी आता आधार धरून अंगणात चालतात. मागच्या आठवड्यात त्यांना गाडीनं खदानीवर नेलं. पायऱ्या पाहून म्हणाले, "कायले एवढी जागा वाया घालवली?" मी काहीच बोलले नाही. तो खाली आलेला तुकडा दाखवला. त्यांनी त्यावर काठी दोनदा आपटून पाहिली आणि चहा मागितला.

शेवटचं. कृत्रिम वाळूचं धोरण 2025 मध्ये आलं, त्यात रॉयल्टी ब्रासमागे 600 ऐवजी 200 ठेवली आहे. क्रशरची बारीक चुरी धुऊन वाळू करायची तर यंत्र लागेल, पाणी लागेल, आणि आमच्या विहिरीला उन्हाळ्यात तेवढं पाणी नाही. धुतलेलं पाणी निवळवून पुन्हा कसं वापरायचं, त्याचं गणित मी मांडून पाहिलंय. कुठंतरी चुकतंय. तुम्ही पद सोडलंय, मला ठाऊक आहे. तरी गुरुवारी कागद घेऊन येते. चष्मा जवळ ठेवा.

तुमची,
खदानवाली सूनबाई