कार्डाच्या बिलावर फेडीचा खरा हिशेब छापावा : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

विषय : क्रेडिट कार्डाच्या मासिक बिलावर ग्राहकाच्या स्वतःच्या थकबाकीनुसार फेडीचा कालावधी व एकूण व्याज छापणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

पगारदार नोकरांच्या एका सहकारी पतसंस्थेच्या कर्ज समितीवर मी काम करतो. पूर्वी आमच्याकडील अर्जांत कर्जाचे कारण म्हणून लग्न, घरदुरुस्ती, मुलांची फी असे लिहिलेले असे. अलीकडे त्या रकान्यात ‘कार्डाची बाकी फेडणे’ हे कारण वरचेवर दिसते. सोबत जोडलेली बिले चाळली की लक्षात येते, अर्जदार उधळ्या नाही आणि त्याने एकही तारीख चुकवलेली नाही; दर महिन्याला छापून आलेली किमान रक्कम त्याने इमानाने भरली आहे आणि तरीही बाकी होती तिथेच आहे.

हे कसे होते ते ६०,००० रुपयांच्या थकबाकीवरून पाहू. दरमहा साडेतीन टक्के हा दर आज अनेक कार्डांना लागू आहे. त्या दराने महिन्याचे व्याज २,१०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८ रुपये होतो. (इतर कर्जांच्या व्याजाला जीएसटी माफ असताना कार्डाच्याच व्याजाला तो का, हा प्रश्न जीएसटी परिषदेचा आहे, आपल्यापुढे तो केवळ नोंदवून ठेवतो.) किमान रक्कम थकबाकीच्या पाच टक्के धरली, तर ग्राहक ३,००० रुपये भरतो आणि त्यांतून मुद्दल फिटते अवघे ५२२ रुपये. नवी खरेदी अजिबात न करता तो याच रीतीने तीन वर्षे भरत राहिला, तर सुमारे ९३,००० रुपये भरूनही त्याच्या डोक्यावर जवळपास ४४,००० रुपये उरतात. तोच माणूस पहिल्या महिन्यापासून दरमहा ४,००० रुपये ठरवून भरू लागला, तर दोन वर्षांत, म्हणजे ९६,००० रुपयांत, पूर्ण मोकळा होतो. फरक आहे महिन्याला हजार रुपयांपासून सुरू होणारा, आणि तो त्याला कोणीही सांगितलेला नसतो.

आपल्या बँकेने या बाबतीत काही केले नाही असे मी म्हणणार नाही. २०२२ साली काढलेल्या कार्डविषयक निर्देशांत किमान रक्कम अशी ठरवावी की थकबाकी उलट फुगत जाऊ नये, असे बजावले आहे. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर द्यावा, हेही त्यात आहे. परंतु हा इशारा पाच हजार थकलेल्याला आणि पाच लाख थकलेल्याला एकाच शब्दांत मिळतो, त्यामुळे तो आपल्यासाठी आहे असे कोणालाच वाटत नाही. किमान रकमेचा चौकोन मात्र ठळक असतो.

बाकी पुढे ओढली की बिनव्याजी मुदतही जाते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. अलीकडेच आमच्यापुढे आलेल्या एका बिलात दूध, पेट्रोल, आईची औषधे आणि १,१४० रुपयांचा किराणा होता, आणि या प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागले होते. त्या सभासदाची समजूत अशी होती की, व्याज फक्त जुन्या बाकीवर लागते आणि नव्या खरेदीला नेहमीप्रमाणे पुढच्या तारखेपर्यंत सवलत असते. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्याने आता वाण्याच्या क्यूआर कोडवरही उधारीच चालते, आणि पैसे देताना खात्यातले गेले की कार्डावरचे, हे पुष्कळांना महिनाअखेरीस कळते.

असा अर्ज आला की आम्ही मागील तीन बिले मागवतो आणि सभासदाला समोर बसवून वरचा हिशेब त्याच्याच हाताने करायला लावतो. आमच्या वार्षिक बारा टक्क्यांच्या कर्जाने तेच ६०,००० रुपये दोन वर्षांत फेडायचे, तर हप्ता सुमारे २,८२५ रुपये पडतो, म्हणजे कार्डाच्या पहिल्या किमान रकमेहूनही कमी. पण एवढ्याने भागत नाही. रिकामे झालेले कार्ड खिशात राहिले तर वर्षभरात ते पुन्हा भरते आणि मग हप्ताही चालू व कार्डही चालू, अशी गत होते. म्हणून बाकी फिटताच कार्ड बंद झाल्याचे पत्र आम्ही मागतो. (थकबाकी फिटलेली असताना विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद न केल्यास बँकेने दिवसाला ५०० रुपये दंड द्यावा, ही आपली तरतूद येथे फार उपयोगी पडते.) ज्यांना कार्ड ठेवायचेच असते त्यांना आम्ही मर्यादा कमी करून घ्यायला आणि खात्यातून बिल आपोआप वळते होण्यासाठी ‘किमान’ऐवजी ‘संपूर्ण रक्कम’ निवडायला सांगतो. हिशेब एकदा स्वतः मांडलेला माणूस खर्चाला हात घालण्यापूर्वी थबकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. उपदेशाने तसे घडलेले क्वचितच पाहिले.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या थकबाकीवर घातलेली वार्षिक ३० टक्के व्याजाची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. दराला वरचा बांध उरला नसेल, तर निदान त्या दराचा परिणाम ग्राहकाला रुपयांत दिसला पाहिजे. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानुसार प्रत्येक बिलावर, केवळ किमान रक्कम भरल्यास फेडीला किती काळ लागेल, एकूण किती भरावे लागेल आणि ३६ महिन्यांत मोकळे होण्यासाठी दरमहा किती भरावे, हे छापावे लागते. आपल्याकडील बँकांचे संगणक रोजचे व्याज पैशापर्यंत मोजतात. त्यांना हे तीन आकडे काढणे जड जाईल असे वाटत नाही.

हेच आकडे किमान रकमेच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, ॲपमधील भरणा करण्याच्या पडद्यावरही आणि ग्राहक मागेल तर मराठीत छापण्याचा आदेश आपण द्यावा, ही विनंती. नावे व क्रमांक झाकून, सभासदांच्या संमतीने, अशी बिले आपल्या अधिकाऱ्यांसमोर ठेवण्याची आमच्या समितीची तयारी आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
कर्ज समितीचा एक सदस्य