प्रकटीकरण घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही

संपादक महोदय,

कुठे युद्ध पेटले, साथ पसरली किंवा भूकंप झाला की जगाच्या अंताच्या भाकितांना ऊत येतो. कुणी श्वापदाची, म्हणजे देवाच्या शत्रूची खूण शोधू लागतो, कुणी हर्मगिदोनची, म्हणजे शेवटच्या युद्धाची तारीख काढतो. बायबलमधले शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, लिहिले गेले ते छळात सापडलेल्यांना धीर यावा म्हणून. त्याच पुस्तकाने आज विश्वासणाऱ्यांची झोप उडावी, ही गोष्ट आम्हा ख्रिस्ती वाचकांना फार खुपते.

योहानाने पात्म बेटावरून हे लिखाण धाडले ते आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इ.स. ९५ च्या आसपास, रोमी सम्राट दोमिशियनच्या राजवटीत धरतात. पर्गमात अंतिपा नावाच्या साक्षीदाराला ठार मारले होते. स्मुर्णाच्या लोकांपुढे तुरुंग होता. लावदिकीयाची मंडळी मात्र पैशाने सुखी आणि विश्वासाने कोमट झाली होती. म्हणून कुठल्याही अर्थाची पहिली परीक्षा हीच: या सात मंडळ्यांपैकी एकीला तरी तो कळला असता का? संगणकाची चिप किंवा बँकेचे कार्ड म्हणजेच श्वापदाची खूण, असे सांगणारा अर्थ इथेच बाद होतो.

श्वापदाचा म्हणून दिलेल्या ६६६ या आकड्याचेच घ्या. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमी सम्राट नीरो, हे नाव हिब्रूत लिहिले तर पहिल्या शब्दाची बेरीज ५०, २००, ६ आणि ५० मिळून ३०६ होते. दुसऱ्याची १००, ६० आणि २०० मिळून ३६०. एकूण ६६६. नावातला शेवटचा ‘न’ लॅटिन वळणाप्रमाणे गाळला तर ५० कमी होऊन ६१६ उरतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ हा आकडा सापडतो. म्हणून अनेक अभ्यासकांना हा रोख नीरोकडे वाटतो. पण भाषा, स्पेलिंग आणि पदवी आपल्या सोयीने निवडायची मुभा घेतली की जवळपास कुठलेही नाव ६६६ वर आणून बसवता येते. दुसऱ्या शतकातच इरेनियस या ख्रिस्ती धर्मगुरूने या आकड्यात बसणारी वेगवेगळी नावे दाखवून, घाईने कुणाचेही नाव ठरवू नका, असे बजावले होते. हा इशारा आजही कुणी मनावर घेत नाही.

तारखांचे गणित याहून घातक. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या चळवळीने दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस वर्षे म्हणून धरले, मोजणी इ.स.पू. ४५७ पासून सुरू केली आणि शेवटी ख्रिस्ताच्या येण्याचा दिवस २२ ऑक्टोबर १८४४ ठरवला. काहींनी शेतातले पीकही कापले नाही. बेरीज चुकली नव्हती. चुकले ते तिच्याआधीचे. दिवसाचे वर्ष करा, असे ते वचन सांगत नाही. आरंभाचे वर्ष ते देत नाही. शिवाय तिथे पवित्रस्थान शुद्ध होण्याचा उल्लेख आहे, ख्रिस्ताच्या येण्याचा नाही. २०११ साली अमेरिकन रेडिओ उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी आधी २१ मे आणि ती टळल्यावर २१ ऑक्टोबर ही तारीख दिली. तीही टळली. असे भाकीत फसले की सांगणारा नवी तारीख काढतो आणि ऐकणाऱ्याची श्रद्धा मोडते. तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे, असे मार्क १३:३२ मध्ये खुद्द येशू सांगतो.

मग या पुस्तकात आशा कुठे आहे? पाचव्या अध्यायात. देवाच्या हातातल्या गुंडाळीचे शिक्के फोडायला कोण लायक, असा प्रश्न उठतो, योहान रडू लागतो, आणि यहूदा वंशाच्या सिंहाने विजय मिळवला आहे असे त्याला सांगतात. तो पाहतो तर समोर वधलेल्यासारखा कोकरा, म्हणजे ख्रिस्त, उभा! संकटे आणणारे पुढचे सगळे शिक्के, कर्णे आणि वाट्या या दृश्याच्या नंतर येतात. म्हणजे संकटे सुरू होण्याआधीच विजय झालेला आहे, आणि तो वधस्तंभावर झालेला आहे. बाराव्या अध्यायात विश्वासणारे अजगराला, म्हणजे सैतानाला जिंकतात ते कोकऱ्याच्या रक्तामुळे, आपल्या साक्षीमुळे आणि जिवाची पर्वा न केल्यामुळे. तलवारीचा तिथे मागमूसही नाही. हर्मगिदोनचे नाव अख्ख्या बायबलमध्ये एकदाच, १६:१६ ला येते. तिथे सैन्ये जमतात, पण लढाईचे वर्णन नाही. एकोणिसाव्या अध्यायातल्या घोडेस्वाराचा, म्हणजे ख्रिस्ताचा झगा झुंज लागण्याआधीच रक्तात भिजलेला आहे, आणि त्याचे शस्त्र म्हणजे त्याच्या मुखातून निघणारी तलवार, त्याचे वचन. त्याच्यामागच्या सैन्याने एकही वार केल्याचे लिहिलेले नाही.

दुष्टता म्हणजे उद्या येणारा कुणी एक राक्षसी पुढारी, एवढेच धरले तर अठरावा अध्याय निसटतो. बाबेल या दुष्ट नगरीच्या पाडावावर व्यापारी रडतात आणि त्यांच्या मालाची यादी येते: सोने, रुपे, मोती, तलम वस्त्रे, हस्तिदंत, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, गहू, गुरे, मेंढरे, घोडे, रथ, आणि सर्वांत शेवटी माणसे. माणूस जिथे बाजारातला माल होतो, ती व्यवस्था देव पाडणार आहे. आजही माणसे विकली जातात, म्हणून ही यादी मंडळीत मोठ्याने वाचली जावी असे आम्हाला वाटते.

विसाव्या अध्यायातल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल मंडळ्यांत जुने मतभेद आहेत. ख्रिस्त त्याआधी येणार, नंतर येणार, की तो आकडा आजच्या मंडळीच्या काळाचे चिन्ह आहे, यावर प्रामाणिक माणसे वेगवेगळी बोलतात. ख्रिस्त येणार, मेलेले उठणार आणि मरण नाहीसे होणार, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे.

वाचायचे तर एका बैठकीत, मोठ्याने वाचावे. बावीस अध्यायांना साधारण दीड तास लागतो. तुकडे तोडून बातम्यांशी जुळवण्यापेक्षा जुन्या करारातली दानीएल, यहेज्केल, जखऱ्या आणि निर्गम ही पुस्तके शेजारी ठेवावीत, कारण बहुतेक चित्रे तिथलीच आहेत. या पुस्तकातले ४२ महिने, १२६० दिवस आणि साडेतीन काळ ही एकाच अवधीची रूपे आहेत. छळाला मर्यादा आहे, हे ती सांगतात. घाबरलेल्या माणसाला आधी २१ वा आणि २२ वा अध्याय वाचून दाखवावा. देव डोळ्यांतले अश्रू पुसतो, नगरीच्या वेशी कधी बंद होत नाहीत आणि झाडाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी असतात, हे आधी कानावर पडले की अजगराची पाने वाचायला बळ येते. आणि ख्रिस्त येणार येणार म्हणून कामधंदा सोडणाऱ्यांना पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय दाखवावा.

आपल्याला एकच विनंती. जगाच्या अंताची तारीख सांगणारी बातमी किंवा जाहिरात आली, तर ती सांगणाऱ्याला विचारावे की मोजणी कुठल्या वचनापासून केली, ते वर्ष कुणी ठरवले आणि आधीच्या तारखेचे काय झाले. उत्तरे बातमीसोबत छापावीत आणि त्याच चौकटीत मार्क १३:३२ हे वचनही द्यावे.

आपले,
बायबलचे काही अभ्यासक वाचक