साबण की ‘बाथिंग बार’?

परवा किराणा दुकानातून आणलेल्या वडीचे वेष्टन सहज वाचले. पुढे ठळक चंदन, हळद, केशर. मागे, चष्मा लावूनही जेमतेम दिसेल असे, ‘बाथिंग बार’. म्हणजे इतकी वर्षे आम्ही ज्याला साबण म्हणत आलो, तो कागदोपत्री साबण नाहीच!

भारतीय मानक ब्युरोने अंगाच्या साबणाच्या तीन श्रेणी ठरवल्या आहेत. स्निग्धांश, म्हणजे टीएफएम, किमान ७६ टक्के असेल तर पहिली, ७० टक्के असेल तर दुसरी आणि ६० टक्के असेल तर तिसरी. बाथिंग बारचे मानक वेगळे. तिथे ४० टक्केही चालतात. ती वडी वापरूच नये असे नाही, पण दोन्ही एकाच फळीवर शेजारी मांडलेल्या असताना गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे? कुकर घेताना आपण आयएसआय चिन्ह पाहतो, ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर परवाना क्रमांकही पडताळता येतो. साबणाचा टीएफएम विचारला, तर आमचे दुकानदार म्हणाले, “ते रेडिओचं काही आहे का?”

श्रेणी आणि टक्केवारी वेष्टनाच्या पुढच्या बाजूला, चंदन-केशराइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि मराठीतही छापण्याची सक्ती करावी.

– एक गृहिणी, सांगली