बाबल्याचं ठरवलंय, रागावू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर आपल्या पाड्याचा, बाबल्याचा विषय काढला की बाबा "कायच जावंक ना गो" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई लगेच चवथीच्या सामानावर येते, म्हणून लिहून पाठवतेय. शेवटपर्यंत वाचा, मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

आधी ठरलंय ते सांगते. सोमवारपासून बाबलो दिवसभर खालच्या वाड्यावर काकांच्या गोठ्यात राहणार. त्यांचा मुलगा सकाळी येऊन नेईल, तिन्हीसांजेला परत आणून बांधेल, त्याचे पैसे मी महिन्याला देणार आहे, त्यावर चर्चा नको. आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, विकला नाहीये त्याला, रात्री तुझ्याच गोठ्यात असणार, तुझ्या हातचीच पेज खाणार.

शेजारच्या वहिनींनी बाबांच्या मांडीचा फोटो पाठवला (त्यांच्यावर चिडू नका, मीच मागितला) आणि मला रात्रभर झोप नाही. बाबा, तुम्ही म्हणता नुसती ढुशी मारली, खेळत होता. खेळतच होता, मान्य. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असताना नुसत्या ढुशीनेही आत एवढं रक्त साकळतं, आणि अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरलंय, तिथे डोक्यावर पडलात तर आई एकटी काय करणार? 108 ला फोन लावायचा तरी रेंजसाठी तिला तुळशीपाशी जावं लागतं!

आता बाबल्याबद्दल. त्याची आई कपिली गेली त्या रात्रीपासून आईने त्याला बाटलीवर जगवलं, चुलीपाशी पोत्यावर निजवलं. मला गोवर आला होता तेव्हा तू अशीच उशाशी बसून असायचीस ना, मला तो कडूलिंबाचा वास अजून आठवतो. तू नसतीस तर तो वाचलाच नसता. पण त्यामुळे झालंय असं की त्याने दुसरं वासरू पाहिलेलंच नाही, त्याला वाटतं तुम्ही दोघं त्याच्यातलेच. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांशी मी सविस्तर बोलले, ते म्हणाले बाटलीवर एकटा वाढलेला पाडा मोठा झाला की कळपात वाढलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्याला माणसाची भीडच उरत नाही, वयात आला की दुसऱ्या बैलाशी जशी ताकद आजमावायची तशी तो घरच्या माणसाशी आजमावतो. मग बाबांच्या चौपट वजनाचा झाल्यावर तीच ढुशी कशी लागेल? काकांकडे त्याच्या वयाच्या दोन पाड्या आहेत आणि ती वाकड्या शिंगाची म्हातारी गाय आहे, ती एकदा मान हलवून त्याला जे शिकवेल ते आपल्या तिघांनाही जमणार नाही.

घरी सकाळ-संध्याकाळ मात्र तुम्हीच सांभाळायचं आहे, तेव्हा नीट ऐका.

कपाळाला हात लावणं बंद. कोणीच नाही, पाहुण्यांनीही नाही. वासरं एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावून जोर करतात, तुम्ही तळहाताने ढकललं की त्याला वाटतं चला, जोर करायला बोलावलं. तो नाक्यावरचा तुमचा दोस्त येतो आणि "धिरयोक बरो जातलो" म्हणत त्याचं डोकं रेटतो, त्याला सांगा हायकोर्टाने 1996 मध्येच धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, बंद केलेत, आणि चालू असते तरी आमचा बाबलो गेला नसता. लाड करायचे तर मानेखालची पोळी खाजवा, शेपटीच्या बुडाशी खाजवा, तिथे तो कसा डोळे मिटतो ते बाबांनाच माहीत आहे.

खिशातून केळं देणं पण बंद, बाबा. तो तुमच्या अंगाला धडकतो ते अर्धं त्या खिशासाठीच. वासरू दुधासाठी आचळाला ढुशा देतंच, याला आचळ नाही म्हणून तुमची मांडी. जे द्यायचं ते बादलीत, आणि तो शांत उभा राहिला की मगच. ढुशी मारली की बादली उचलायची आणि एक शब्द न बोलता बाहेर यायचं. ओरडायचं नाही, आई ओरडते आणि मग तिलाच हसू येतं, त्याला वाटतं गंमत चाललीय. उधळत अंगावर आला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, काठी आडवी धरून जागेवर उभं राहायचं आणि "हो" म्हणायचं, दोघांनी तोच शब्द, तोच आवाज. काठी अंतर ठेवायला आहे, मारायला नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही मला पण कधी मारलं नाहीत. आणि मागून जायचं नाही, गुरांना बरोबर पाठीमागचं दिसत नाही, खांद्याच्या बाजूने आवाज देत जा.

दावं हाताला गुंडाळायचं नाही. ही तुमची जुनी सवय आहे आणि मला तीच सगळ्यात जास्त छळते, झटका दिला तर मनगट जाईल. चालवताना दोर ताणायचा, त्याने एक पाऊल टाकलं की त्या क्षणी सैल सोडायचा, सैल सोडणं हेच त्याचं बक्षीस. तुम्ही त्याच्या खांद्याजवळ, पुढे नाही. पण हे सगळं काकांचा मुलगा बरोबर असतानाच, एकट्याने नाही, प्लीज.

मला माहितीय पहाटे उठल्यावर गोठ्यात गेल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागत नाही. म्हणून सुताराला सांगितलंय, दावणीपुढे दोन आडवे दांडे मारून घ्या आणि अलीकडे पाठ टेकायचं बाकडं. तिथे बसा, चहा घ्या, पेपर वाचून दाखवा हवा तर त्याला. दांड्यापलीकडे मात्र एकट्याने जायचं नाही.

त्याला बडवण्याचं, म्हणजे खच्ची करण्याचं, मी काही ठरवलेलं नाही, त्या दिवशी उगाच रागाने फोन ठेवलात. आपली धवी, म्हणजे गोव्याची पांढरी गावठी गाय, 2020 मध्ये श्वेतकपिला जात म्हणून देशपातळीवर नोंदली गेली तेव्हा तुम्ही पेपरचं कात्रण देव्हाऱ्यात ठेवलं होतं, ते विसरेन का मी? पांढऱ्या पापण्यांचा पाडा आहे, ठेवावासा वाटणारच. पण वळू म्हणून ठेवायचा असेल तर शिस्त दुप्पट लागते आणि ती चार महिन्यांच्या वयातच लागते. डॉक्टर पुढच्या आठवड्यात येऊन बघतील, ते म्हणतील ते करायचं. नुसता घरी ठेवायचा असेल तर चिमट्याने करतात, कापत नाहीत, आधी भूल देतात.

कोणी म्हणेल लेक फोंड्यात बसून हुकूम सोडते. म्हणू देत. ह्यांची शिफ्ट, मुलांची परीक्षा, रोज येणं होत नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून जे लांबून होतं ते करतेय.

आई, तुझी शुगर तपासून आकडा पाठव, "बरी आहे" हा आकडा नव्हे. अंगणात ब्लीचिंग पावडर टाकून ब्रशने घासून घ्यायला बाईला सांग, तू वाकू नकोस. माटोळीचं, गणपतीच्या वर बांधायच्या फळापाल्याचं, सामान मी आणते, रानातली कांगलां पण, त्यासाठी रानात कोणी जायचं नाही. मुलं बाबल्याला भेटायला नाचतायत, त्यांना कपाळाचा नियम मी आधीच पाठ करून घेतलाय.

आणि बाबा, एक काम फक्त तुमचंच. बाजारातली नायलॉनची मोरकी नाकावर काचते. तुमच्यासारखी मोरकी वळणारा आपल्या वाड्यावर दुसरा कोणी राहिलेला नाही, तर सुताच्या दोराची एक वळा, काथ्याची नको. नाकपुड्यांच्या वर दोन बोटं जातील एवढी सैल, आणि वाढतं वय आहे म्हणून गाठ सरकती ठेवा. सोमवारच्या आत झाली पाहिजे, काकांचा मुलगा सातला येईल.

तुमची,
बाय